तीस सेकंद

लग्नसराईचा शेवटचा मुहूर्त उरकून
अशोक चौकातल्या दुकानात अल्बमची पानं लावत होतो,
तेव्हा कोनाळवाडीहून फोन आला.
विहिरीला पासष्ट फुटांवर पोकळी लागली ओ,
पहार हातातून निसटून आत गेली
आणि आवाज
बराच वेळ आलाच नाही.
तहसीलला द्यायला फोटो पाहिजेत, मेंढापुरे मालक म्हणतात.
किती घेता?

यारीच्या बादलीत उभा राहून उतरलो.
वर मे महिना, चव्वेचाळीस.
काळी माती, मुरूम, गेरूचा एक लाल पट्टा,
मग फत्तर, सुरुंगाच्या दारूचा वास अजून धरून बसलेला.
आभाळ ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं.
खाली कमरेएवढं भोक,
आणि कुणी फ्रिजचं दार उघडं टाकून गेल्यासारखा
त्यातून येणारा वारा.

तिपण्णा बंदपट्टे आधीच आत होता.
सावकाश या, म्हणाला,
हितं जमीन कुठाय ते अजून ठरलं नाही.

पहिला फोटो फ्लॅशनं मारला.
नुसती धूळ आली, गोल गोल ठिपके,
अक्षता पडतानाचा फोटो बिघडतो तशी.
दगड इतका काळा
की उजेड गिळून ढेकरही देईना.
नवरीच्या गालावर उजेड कसा टाकायचा
हे मला वीस वर्षं येतं.
इथं गालच नव्हता कुणाचा.

मग स्टँड लावला. कॅमेरा तीस सेकंद उघडा ठेवायचं ठरलं.
तिपण्णाला म्हटलं, ही बॅटरी घे,
भिंतीला चुना मारतात तसा उजेड मार,
एका जागी थांबू नको, माझ्याकडं दाखवू नको.
चुना गवंडी मारतात, तो म्हणाला,
आम्ही फोडतो.
बरं बाबा, फोडतोस तसा मार.

निघाला.
मी मोजत राहिलो, आणि अकराला लक्षात आलं
की मोजतोय तेलुगूत.
पदकोंडु, पन्नेंडु...
घाबरलो की आईच्या भाषेत जातो मी.
त्याचा हात जिथं जाई तिथं छत जागं होई:
कधीकाळी वाहता वाहता थिजलेल्या दगडाचे पीळ,
बाबा रंगाच्या हौदातून काढून
पिळून ठेवायचे त्या सुताच्या लडींसारखे,
आणि कपारीत गारा,
पांढऱ्या, हिरवट, सुयांसारख्या उभ्या,
कुणी बघत नसताना वाढलेल्या.
हात पुढे गेला की पुन्हा सगळं बंद.

स्क्रीनवर फोटो आला. दोघांनी डोक्याला डोकं लावून पाहिला.
अख्खी गुहा, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
एकाच वेळी,
जशी आम्हा दोघांनाही तिथं उभं राहून दिसली नव्हती.
तिपण्णानं काचेवर बोट ठेवलं,
मुरमाचा ठसा उमटला.
मी कुठाय?
सांगितलं, जो हलत राहतो तो यात येत नाही.
दगड हलले नाहीत म्हणून आले.
तो जरा वेळ गप्प.
म्हणजे काम केलं म्हणून गेलो की ओ मी.

दुसरा फोटो त्याचा काढला.
बॅटरी मी घेतली.
आधार कार्डाला बसतात तसा तो ताठ उभा राहिला,
हात मांड्यांना चिकटवून, श्वास धरून.
पंचविसाव्या सेकंदाला सोडला असेल,
छातीपाशी फोटो थोडा हललाय.

वर मालक काठावर उकिडवे बसलेले.
काय दिसलं विचारलंच नाही त्यांनी.
पाणी?
नाही.
फोटोंचे पैसे दिले, दोन हजार कमी.
महिन्याभरात भोकावर स्लॅब पडला,
वर मुरूम, आणि वीस पावलांवर
नव्या विहिरीची यारी उभी राहिली. तिपण्णाचीच.

पहिला फोटो दुकानाच्या काचेत लावलाय,
नवऱ्या-मुलींच्या ओळीत, मधोमध.
परवा एक बाई आल्या, लेकीचं लग्न ठरवून.
बराच वेळ त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.
कुठलं कार्यालय आहे हो हे?
लाइटिंग कुणाचं?

मी तिपण्णाचा नंबर लिहून दिला.